बाराची कळशी

शनिवार, ७ एप्रिल १९७३

पोचले एकदाची. सामान शाबूत आहे, फक्त लोणच्याच्या बरणीला तडा गेला. साताऱ्याहून वडूज, वडुजाहून हिवरखडी फाटा, पुढं मैलभर बैलगाडी. तरीही मन प्रसन्न आहे. सदतीस वर्षं पुण्यात मुलींच्या शाळेत काढली, त्यातली अकरा मुख्याध्यापिका म्हणून. निवृत्त होताच डॉक्टरांनी दम्यासाठी कोरडी हवा सांगितली. हवा कोरडी आहे खरी. पाऊस दोन वर्षं फिरकलेला नाही, त्यामुळं इथं दुसरं काही ओलं नाहीच.

निरोपसमारंभात आमच्या शिक्षिका गहिवरल्या होत्या. खेडं म्हणजे केवढी शांतता, बाई, केवढा निसर्ग, किती साधी माणसं. निसर्ग म्हणजे गावामागची टक्कल पडलेली टेकडी. साधी माणसं म्हणजे फाट्यावर बसलेले चौघे. माझ्या ट्रंकांत काय असेल यावर त्यांनी माझ्यासमोरच पैज लावली.

घर मात्र देखणं आहे. लाल कौलं, काळ्या दगडाचा चौथरा, पुढं पडवी, मागच्या अंगणात बांधीव विहीर. लष्करातून परतलेल्यांनी अशी आठ-दहा घरं ओळीनं बांधली आहेत. प्रत्येक दारावर पाटी आणि प्रत्येक पाटीत चूक. माझे शेजारी नानासो हे निवृत्त हवालदार 'शाती निवास'मध्ये राहतात. अनुस्वाराचं मी त्यांना उद्याच सांगणार आहे.

सोमवार, ९ एप्रिल

घरमालक सुभेदार हिंदुराव मुलाकडं बंगलोरला असतात. त्यांचं पत्र आज पुन्हा वाचलं. घर सांभाळायला राहीबाई येईल. ती रोज बाराच्या आत विहिरीच्या कठड्यावर पाण्यानं भरलेली कळशी ठेवील, तिला अडवू नये, एवढीच माझी अट समजावी. एक लष्करी अधिकारी हे लिहितो. देशाचं रक्षण कसं झालं कोण जाणे.

राहीबाई पस्तिशीची, उंच, कमी बोलणारी. झाडलोट चोख करते. बौद्धवाड्यात राहते असं नानासोंच्या बायकोकडून, लीलाबाईंकडून कळलं. मी जुन्या वळणाची नाही. माझ्या शाळेत सगळ्या समाजाच्या मुली एका बाकावर बसत. पण घर म्हणजे शाळा नव्हे. तिच्यासाठी कान तुटलेला एक कप मागच्या कोनाड्यात वेगळा ठेवला आहे आणि प्यायचं पाणी मीच भरून घेते. तिनं कोनाड्यातला कप पाहिला, काही बोलली नाही. या लोकांना बोलायला लागतच नाही, हा एक गुण.

अनुस्वाराबद्दल नानासोंना सांगितलं. ते म्हणाले, व्हय, बगतो. बघणार नाहीत.

शनिवार, १४ एप्रिल

आज त्यांच्या वाड्यात जयंती. राहीबाईनं सुट्टी मागितली, दिली. तरी पावणेबाराला आली, पांढरं शुभ्र लुगडं नेसून. कळशी ओढली, कठड्यावर ठेवली, क्षणभर उभी राहिली आणि गेली. नमस्कार नाही, हळदकुंकू नाही. मग हा प्रकार आहे तरी कसला?

तीन वाजता मी जाऊन पाहिलं. कळशी रिकामी. कोरडी ठणठणीत.

मंगळवार, १७ एप्रिल

सलग तीन दिवस लक्ष ठेवलं. कळशी बाराला भरलेली असते, तीनला रिकामी. मधल्या वेळात मी पंख्याखाली पडलेली असते, तेव्हा चोराला रान मोकळं. गावात टँकर दिवसाआड येतो. घागरीसाठी बायका एकमेकींच्या झिंज्या उपटतात आणि इथं विहीर पुरुषभर पाण्यानं भरलेली. तरी गावातलं कुणी या पाण्याला शिवत नाही. नानासोंना कारण विचारलं तर त्यांनी विडी पेटवली आणि आभाळाकडं बघत बसले. मूर्खपणाला गांभीर्याचा आव आणला की त्याला खेड्यात परंपरा म्हणतात.

बुधवार, १८ एप्रिल

आज सोक्षमोक्ष लावला.

राहीबाईला स्पष्ट विचारलं, पाणी घरी कोण नेतं, तू की तुझं कुणी? तिनं कळशी खाली ठेवली आणि पहिल्यांदाच सलग बोलली. तिची आई पारूबाई. त्रेपन्न सालच्या उन्हाळ्यात दुपारी डोईवर सरपण घेऊन या घरावरून जात होती. पाणी मागितलं. विहिरीला हात लावायची तेव्हा त्यांना मुभा नव्हती, वरून कुणाला तरी ओतावं लागे. सुभेदारांचे वडील, नाथाजीराव, तिला म्हणाले, बस कठड्यापाशी, जेवून घेतो मग कुणाला तरी वाढायला सांगतो. जेवले आणि झोपले. तिनं तीनपर्यंत वाट पाहिली. आळीत सगळ्यांनी पाहिलं, नानासोंच्या घरानंसुद्धा, पण दुसऱ्याच्या विहिरीवर कोण जाणार. तीन वाजता ती कठड्याला टेकलेलीच होती, पण जिवंत नव्हती. त्या वर्षी नाथाजीराव भरल्या घरात पाणी पाणी करत गेले. सुभेदार रजेवर आले तेव्हापासून ही कळशी.

"देव न्हाई, भूत न्हाई, बाई," ती म्हणाली. "माजी आय हाय ती. येवडी कळशी ऱ्हाऊ द्या."

गोष्ट वाईट आहे, मान्य. पण वीस वर्षं मेलेल्या बाईला पाणी पाजणं हा त्यावरचा उपाय नव्हे. बाबासाहेबांनी धर्म बदलून दिला तो हेच सोडण्यासाठी ना, असं मी तिला विचारलं. ती माझ्याकडं बघत राहिली, आमच्या शाळेतल्या मठ्ठ मुली बघत तशी. मग म्हणाली, कोनाड्यातला कप कुनी सोडायचा, बाई?

उर्मटपणा मी कधी खपवून घेतला नाही. उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. कळशी माजघरात ठेवली, रहाटाचा दोर सोडवून घेतला. सुभेदारांना सविस्तर पत्र लिहिलं. शुद्धलेखन त्यांना कळेल अशी आशा नाही.

गुरुवार, १९ एप्रिल

दुपारी जेवून उठले तर कठड्यापाशी एक बाई बसलेली. माझ्याकडं पाठ. डोक्यावर पदर, शेजारी सरपणाचा भारा. फाटकाला कडी होती, ही आत आली कशी? खिडकीतूनच दटावलं, इथं पाणी मिळणार नाही, टँकरवर जा. ती वळली नाही. म्हटलं बस उन्हात, आणि खिडकी लावून घेतली.

तीनला उघडली तेव्हा नव्हती. राहीबाईनं पाठवलेली नातेवाईक असणार. नाटकं आहेत सगळी. नानासोंना सांगितलं. त्यांनी विचारलं, तोंड बगितलं का? मी म्हटलं, मला काय करायचंय तिचं तोंड. ते उठून आत गेले. चहासुद्धा विचारला नाही.

शुक्रवार, २० एप्रिल

आज एक चमत्कारिक गोष्ट घडली, जशी घडली तशी लिहिते.

ती पुन्हा आली होती. त्याच जागी, तशीच. मी तांब्यातून भांड्यात पाणी ओतलं. भांडं भरलं, पाणी दिसत होतं. ओठाला लावलं तर पितळ तापलेलं आणि आत काही नाही. ओठ भाजला. खाली ठेवलं तर भांडं भरलेलं. सहा वेळा केलं, सहाही वेळा तेच.

चार वाजता पाणी मिळालं, घोटभर. ऊन बाधलं असणार. या गावात बुद्धीसुद्धा वाळते.

शनिवार, २१ एप्रिल

सकाळपासून एक थेंब नाही. चहा, दूध, माठातलं पाणी, सगळं भांड्यात असतं आणि तोंडाशी आलं की नसतं. भात गिळवत नाही. जीभ टाळूला चिकटते.

लीलाबाईंकडं गेले. ताक दिलं. मी प्यायल्यासारखं केलं, पण नानासोंनी पाहिलं. त्यांनी पेला माझ्या हातून घेतला, स्वतः घोटभर प्यायले, पुन्हा मला दिला, मी ओठाला लावला. रिकामा. म्हणजे त्यांच्या मिशीवर ताक होतं आणि माझ्या

ते खाली बसून बोलले. बाई, तवा मी रजेवर हुतो, वीस वर्सांचा. ह्या पडवीतनं बगत हुतो तिला. माज्या हातात तांब्या हुता. म्हनून ह्या हिरीवर आमचा कुनाचा हक्क ऱ्हायला न्हाई. तुमी राहीबाईला बोलवा, माफी मागा, कळशी पयल्यासारकी ठिऊ द्या.

मी म्हटलं, सदतीस वर्षांत मी कुणाची माफी मागितलेली नाही. मोलकरणीची तर नाहीच. घरी आले.

ती होती. भारा आज उंबऱ्याजवळ होता.

रविवार, २२ एप्रिल

सकाळची गाडी गाठायला निघाले. फाट्यापर्यंत पोचले नाही. नानासो बैलगाडीतून परत घेऊन आले. डोक्यावर पाणी ओतलं, ते लागलं. केस भिजले. तेच पाणी ओघळून ओठाशी आलं तिथं

थांबलं. तिथं त्वचा कोरडी. लीलाबाई तोंडाला पदर लावून बघत होत्या.

दोर पुन्हा रहाटाला बांधला. मीच, लीलाबाईंनी धरलं होतं मला. कळशी सोडली. खाली पाण्यात बुडाल्याचा आवाज आला. वर हलकी आली. लीलाबाईंनी ओढली तरी तसंच. आता कळशीही भरत नाही.

नानासोंना म्हटलं, बोलवा तिला. एवढंच म्हटलं. माफीचं नंतर पाहू. मोलकरणी अशाच डोक्यावर बसतात.

सोमवार, २३ एप्रिल

सकाळी नानासो निरोप घेऊन आले. काढून टाकल्यापासून राहीबाई पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर जाते, खडी फोडायला. सांजच्याला येते म्हणाली. रागावली नाही. बाईंना म्हनावं दम धरा, म्हणाली.

नानासो डॉक्टर आणायला वडूजला. लीलाबाई उशाशी होत्या. टँकर आला, त्या धावल्या. त्यांच्या घरातही पाणी लागतंच. मी जा म्हटलं. हातानं. आवाज निघत नाही. डोळे मिटताना खरखरतात.

—

बारा वाजले.

आत नाही राहवत. विहिरीतून गारवा येतो, वास येतो पाण्याचा. पाण्याला वास असतो हे कुणी शिकवलं नाही. मी पण नाही कुणाला.

सरपटत आले. वही घेऊन. कठड्याला टेकलेय. दगड भाजतो.

ती दुसऱ्या बाजूला आहे. पाठ माझ्याकडं. मध्ये हातभर अंतर. टाचांना भेगा. भाऱ्यात बोरीची काटकं. पायाला एक काटा तसाच. मी तिला म्हटलं होतं बस उन्हात

—

तिच्यासमोर पाणी आहे. कुणी ठेवलं माहीत नाही. कळशी नव्हे, ओंजळ. तिच्या ओंजळीत पाणी आहे. हलतंय. ऊन पडलंय त्यात.

ती पीत नाही.

—

मागितलं. आवाज नाही निघाला, पण ओठ हलवले. पाणी. पुन्हा. पाणी दे. पाणी द्या. मी द्या म्हटलं.

वळते आहे.

तोंड राहीबाईसारखं. वय तिच्याहून कमी. ओठ फुटलेले, माझ्यासारखे. राग दिसत नाही. शोधला, नाही. लाजते आहे. मला लाजते आहे. ओंजळ पुढं करते आणि पुन्हा मागं घेते, छातीशी. बोट भिजलं माझं. खरंच भिजलं, अक्षर फुटलं बघा इथं

विचारते आहे. हळू. "बाई, माज्या हातचं चालंल का तुमास्नी?"

मी