शेवट न पाहिलेला गेम

शनिवार, १२ जून २००४

आज कागलच्या कारखान्यात शेजारच्या मशीनवरच्या समीरनं विचारलं, "लपतछपत जायचा, पण चांगली गोष्ट असलेला कॉम्प्युटर गेम सांग की." मी कैदेतल्या भावाला शोधणाऱ्या हेराचा गेम सुचवला. तो खेळताना मी कीबोर्डवर असायचो आणि ताई शेजारी डोळे मिटून पहारेकऱ्यांची पावलं ऐकायची. "थांब की, आला त्यो!" ती पावलं अजून कानात आहेत.

"भाऊ सापडतोय काय शेवटी?" समीरनं विचारलं.

मला ठाऊकच नाही. गेम संपायच्या आधीच ताईचं लग्न झालं. मग एकट्यानं खेळावंसं का वाटलं नाही, कुणास ठाऊक.

संध्याकाळी तिला शिरोळला फोन केला. म्हणाली, "दिवाळीला येणारच हाय मी. तवर शेवट बघू नगंस."

समीरला बजावायला हवं: तू खेळ, पण शेवट मला सांगू नकोस.