वेबसाइटचा कडेकोट बंदोबस्त

४ सप्टेंबर २०२५
शेजारच्या रमेशने आज माझ्या वेबसाइटचं स्पेलिंग विचारलं. मराठी मंडळाची स्मरणिका तोच काढतो. म्हणजे हेतू उघड आहे. जैनाबाद, धूलकोट, निंबोला ही गावं पालथी घालून म्हाताऱ्यांची गाणी-गोष्टी गोळा केल्या मी, आणि हा त्या स्वतःच्या नावावर छापणार. रंभाबाईची जात्यावरची गाणी तर जगात फक्त माझ्याकडे आहेत. बाई गेल्या चैत्रात वारली.
संकल्प : कडेकोट बंदोबस्त.

६ सप्टेंबर
इंदूरहून गायत्रीचा फोन. म्हणाली, बाबा, वेबसाइट कोणाच्या नावावर आहे ते कोणालाही बघता येतं, पत्ता आणि फोन नंबरसकट. हादरलो. त्या नंबरवर आजवर एकाही वाचकाने फोन केला नाही, ती गोष्ट वेगळी. लगेच डोमेनला प्रायव्हसी घेतली, म्हणजे नाव-पत्ता झाकून टाकला. शिवाय नवा गुप्त ईमेल काढून वेबसाइटच्या कंपनीकडे तोच नोंदवला. जोडीला माझाही टाका, असं पोरगी म्हणत होती. साफ नाही म्हटलं. दोघांना माहीत असलं की ते गुपित कसलं?

२१ सप्टेंबर
बॅकअपसाठी पेनड्राइव्ह कधीच आणून ठेवलाय. पितृपक्षात नवं काम नको म्हणून थांबलो. आज तर अमावास्याच. याला आळस म्हणत नाहीत.

२ ऑक्टोबर, दसरा
बॅकअप घेतला. सौ. निर्मलाने शस्त्रपूजेला विळी, कात्री, शिलाई मशीन मांडलं होतं. त्यांच्यात पेनड्राइव्ह ठेवला. माझं शस्त्र तेच. याला पाणी चालतं का, असं तिने विचारलं. पूजा अर्धवट करू नये, असं मी सुनावलं. पाणी शिंपडलं, हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. मग लाल फडक्यात बांधून कपाटात. मूळ वह्या रद्दीत दिल्या. रमेशच्या हाती कागदही लागायला नको.
संध्याकाळी तो सोनं द्यायला आला. दारातूनच घेतलं.

१८ नोव्हेंबर
गुप्त ईमेलचा पासवर्ड विसरलो. मलाच उघडत नाही, तर रमेशला काय उघडणार! बंदोबस्त उत्तम आहे.

११ जानेवारी २०२६
वेबसाइट गायब. रमेशने हॅक केली.

१२ जानेवारी
कंपनीतली मुलगी हिंदीत म्हणाली, मुदत नोव्हेंबरमध्येच संपली, मेलवर खूप वेळा कळवलं, आता सगळं डिलीट झालंय. कुठल्या मेलवर, ते विचारलं नाही. पेनड्राइव्ह फडक्यातून सोडवला. तोंडात कुंकू घट्ट बसलेलं. टाचणीने कोरलं. लॅपटॉप त्याला ओळख देत नाही. दुकानदारानेही हात टेकले. निर्मलाने लाल फडकं धुवायला टाकलं.
नोव्हेंबरपासून बंद, आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्यासुद्धा.

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगूळ घेऊन रमेशकडे गेलो. चोर असला तरी आता आशा त्याचीच. म्हटलं, चोरलं असशील तेवढं दे, तुझ्या नावावर छाप, हरकत नाही. तो म्हणाला, सर, काय चोरणार? एक बार मोबाइलवर खोलली होती, लई लांब होतं, वाचायला टाइमच नाही भेटला. स्मरणिकेत तुमचं नाव टाकून चार गाणी द्यायची होती म्हणून स्पेलिंग विचारलं, तर तुम्ही बोलणंच सोडलं. बंद झाली का? कधी?
तिळगूळ तिथेच राहिला.
संकल्प : रंभाबाईची गाणी आठवून लिहून काढणार. संध्याकाळभर बसलो. एक ओळ आठवली. दुसरी बहुतेक मीच जुळवली आहे.