आईचा रणगाडा

प्रिय ठमे,

हे पत्र तुझ्या दाराखालून सरकवलं आहे, बेल वाजवली नाही. आई गेल्यावर तू म्हणालीस, बाबा, थोडे दिवस मला एकटीला राहू दे. एका जिन्याचं अंतर, तरी मी ते पाळलं. पण आज आईच्या त्या रिमोटवरच्या खेळण्यातल्या रणगाड्याबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही.

बडा घर पोकळ वासा! बाहेरून काय तो रुबाब, आणि आतली दातेरी चाकं प्लॅस्टिकची, नखाएवढी. सोफ्याच्या पायाला जरा धडकला की दाता गेला. चाकांवरच्या पट्ट्याच्या कड्या तर नुसतं बघितलं तरी निसटायच्या. मग आई जमिनीवर पालथी पडून त्या शोधायची आणि बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. मी म्हटलं, त्यापेक्षा मांजर पाळ, बिघडलं तरी चालतं. 

ती गेल्यावर रिमोट तू नेलास, रणगाडा तिच्या टेबलावर राहिला. बॅटरी मरू नये म्हणून मी तो चार्ज करायचो, आणि ती ठेवायची तसा चालूच ठेवायचो. एका संध्याकाळी चहा गाळत होतो, तर तिच्या खोलीतून घरघर ऐकू आली. जाऊन बघतो तर तोफ वळत होती, सावकाश, दाराकडे, माझ्याकडे. मी आत आलो की आई तश्शीच वळवायची. मी तिला नावाने हाक मारली गं. भुताखेतांना हसणारा माणूस मी, पण हाक मारली आणि उत्तराची वाट बघत उभा राहिलो.

मग वर तुझी खुर्ची सरकली, तोफ थांबली आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तू कामावरून येतेस, बसतेस, रिमोट हातात घेतेस. खालचा रणगाडा बंद आहे असंच तू धरून चालली असशील. तू ते बटण आईसाठी दाबतेस, माझ्यासाठी नाही, हे मला ठाऊक आहे. तरी त्या वेळी मी हातातलं काम टाकून टेबलापाशी येऊन बसतो. आणि सगळं कळूनसुद्धा, तोफ हलते तो पहिला क्षण अजून आईचाच असतो. मला त्याची भीती वाटते, आणि तो आला नाही तर जास्तच वाटते.

परवा तोफेच्या चाकाचे दाते गेले. गोंद लावला, टाचणी तापवून नवा दाता बसवायला गेलो, नाकी नऊ आले. दुकानदार म्हणतो, हा भाग आता निघत नाही. काल तू बराच वेळ बटण दाबत होतीस. आत मोटार नुसती कण्हत होती, तोफ जागची हलेना. वर माझी पोर कुणाला तरी बोलावते आहे आणि खालून कुणी ओ देत नाही, असं वाटून मला बसवेना. म्हणून हे पत्र. मला वर येऊ दे. बोलायला नको, शेजारी नुसता बसेन. आज तू बटण दाबलंस की मोटार वाजेल, आणि मी जिना चढायला लागेन.

तुझाच,
खालच्या मजल्यावरचा बाबा