चार टाळ्यांची जागा

तीर्थस्वरूप तानुबाई फुईंच्या पायांवर जळगावहून तुमच्या भावाच्या लेकीचं, गेंदाचं डोकं. तुमचा गुडघा कसा आहे, फुआजींचा खोकला उतरला का, आणि भडगावला गिरणेला पाणी किती, हे तिन्ही कळवणे. आमच्याकडे बुधवारी पार्सल आलं ते असं : थाळीएवढ्या काळ्या तबकड्या तीन, एकीला साडेअकराशे, तबकडी वाजवायच्या यंत्राची सुई एक, सातशे चाळीस, आणि वरून गुंडाळलेला जाड तपकिरी कागद, फुकट, ज्याच्या कोऱ्या बाजूवर हे पत्र लिहीत आहे. (शिवणाच्या मशीनच्या सुयांचं अख्खं पाकीट तीस रुपयांना येतं. हे म्हणाले, "दोन्हींत फरक असतो." फरक सातशे दहा रुपयांचा आहे हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं, पण त्या दिवशी एकादशी होती.) फोन का केला नाही म्हणाल, तर तुमची नातसून दिपमाला फोन स्पीकरवर टाकते, आणि मग शेजारची भिकुबाईसुद्धा मधूनमधून "हो ना" म्हणते. ही गोष्ट कागदावरच बरी.

तुमच्या जावयांना दीपनगरच्या पॉवर हाऊसमधून सुटून तीन वर्षं झाली. चौतीस वर्षं टर्बाइनच्या घरघरीत काढलेल्या माणसाला घरातली शांतता सोसेना. आधी दोन महिने मिक्सर दुरुस्त करत बसले (चांगला चालत होता), मग त्यांना जॅझ नावाचं विलायती वाजवणं सापडलं. ते काय असतं म्हणाल, तर वरातीच्या बँडमधल्या प्रत्येकाला पाळीपाळीने सांगायचं, की बाबा रे, आता तुझ्या मनात काय आहे ते वाजव, आणि बाकीच्यांनी त्याला सांभाळून घ्यायचं. मला आधी तो नुसता गोंधळ वाटला. पण भजनात बुवा अभंग सोडून भलतीकडे जातात आणि बरोबर समेवर परत येतात, तसंच हे, एवढं कळल्यावर मी भाजी निवडायला मुद्दाम बाहेरच्या खोलीत बसू लागले.

दर रविवारी दुपारी दोघंजण येतात. एक अभिमनभाऊ, ह्यांच्याच खात्यातून सुटलेले, कुठल्या तबकडीवर कोणी काय वाजवलं ते वहीत लिहून ठेवणारे. दुसरे झुलाल मास्तर, जामनेरचे, ज्यांनी तीस वर्षं लग्नाच्या वरातीत क्लॅरिनेट वाजवलं. तिघं मिळून तबकडीपेक्षा तिच्या पाकिटावरच जास्त वेळ घालवतात. ड्रम कोणाचा, चाल कोणाची, नाव का नाही दिलं, यावर असे भांडतात की वाटावं गावकीची सभा आहे. मी मॅट्रिक असल्यामुळे इंग्रजी अक्षर लावून वाचते, म्हणून मीही पाकीट पालथं करून पाहिलं. प्रत्येक गाण्यापुढे कंसात करणाऱ्याचं नाव असतं. तिन्ही तबकड्यांवर मिळून सात गाण्यांपुढे एकच नाव, ट्रॅड. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटला. एवढी गाणी केली आणि एकाही पाकिटावर फोटो नाही. मी विचारलं, "भाऊ, हे ट्रॅडसाहेब कुठले?" अभिमनभाऊंच्या नाकातून चहा आला. मग डोळे पुसत म्हणाले, "वहिनी, गाणं कोणाचं ते ठाऊक नसलं की तसं छापतात. जुनं, परंपरेतलं." म्हणजे बेवारस, मी म्हटलं. सात गाणी आणि वारस एकही नाही, हे काही मला पटलं नाही.

आता मुद्द्यावर येते. तिसरी तबकडी भुसावळच्या कायतान मास्तरांची. हे गोव्याचे, ट्रम्पेट वाजवत, रेल्वेवाल्यांच्या नाचगाण्याला बँड लावत, पुढे मुंबईला गेले आणि एकोणसत्तर साली ही तबकडी करून काही वर्षांनी वारले, असं मागे छापलं आहे. तिच्यातल्या शेवटच्या गाण्यात (हेही ट्रॅडसाहेबांचंच) मध्येच एका जागी सगळे एकदम गप्प होतात. बरोबर चार टाळ्यांपुरते. हे गाणं आमचे हे आणि ते दोघं दोन वर्षं मोबाईलवर कानात बोंड घालून ऐकत होते, पण ती जागा स्वच्छ ऐकायची म्हणून तबकडी मागवली. म्हणजे साडेअकराशे रुपये दिले ते जे वाजलंच नाही ते ऐकायला. अभिमनभाऊंचं म्हणणं, मूळ फीत तिथे तुटली असणार. झुलाल मास्तर तर उठून उभेच राहिले. "श्वास शे भाऊ तो, श्वास! तीस वरीस फुकेल शे मी!" अभिमनभाऊ म्हणाले, "पाचही जणांना एकदम श्वास लागला? दमेकरी होते का बठ्ठे?" आमचे हे डोळे मिटून म्हणाले, "हीच तर कला आहे." (असं म्हटलं की पुढे काही समजावून सांगावं लागत नाही.) मग यंत्राची सुई त्या गाण्यावर ठेवली, आणि फुई, माझ्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली.

माझ्या लग्नाच्या पापडांच्या वेळी घराच्या धाब्यावर बसून तुम्ही जे गाणं म्हटलं होतं, तेच. "पापड घालू मी धाब्यावरी, कावळा हाकू किती; खालून शीळ घाली तो कोण," आणि मग तुम्ही थांबला होता, चार वेळा लाटणं पोळपाटावर आपटलं होतं, आणि पुढे म्हटलं होतं, "नाव मी घेऊ कशी!" बायका हसून हसून लोळल्या होत्या. मी कोणाचं गाणं म्हणून विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "माझंच गं. भुसावळच्या क्वार्टरात नवी नवरी होते, पापड राखता राखता जुळलं. समोरच्या चाळीत एक बाजावाले मास्तर राहत, ते ऐकत बसायचे." मग मी काय करणार? परक्या पुरुषांपुढे मी कानबाईच्या उत्सवातली गाणी सोडून कधी आवाज काढला नाही. पण भिंतीकडे तोंड केलं, पदर घेतला आणि पूर्ण म्हटलं. त्या जागी थांबले आणि सांगितलं, "इथे काही तुटलेलं नाही आणि कोणाला धाप लागलेली नाही. इथे नवऱ्याचं नाव आहे. बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, म्हणून ती गप्प बसली. तुमच्या मास्तरांनी ते गप्प बसणंसुद्धा जसंच्या तसं उचललं." झुलाल मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "वहिनी, आम्ही दोन वरीस श्वास मोजत होतो."

पाकिटात छापील चिठ्ठी निघाली. कंपनी दिवाळीला ही तबकडी पुन्हा छापणार आहे. गाण्याबद्दल कोणाला काही माहिती असेल तर महिनाअखेरपर्यंत अर्ज भरून पाठवावा : गाणं कोणाचं, तुम्हाला कसं ठाऊक, आणि जिचं गाणं तिची सही किंवा अंगठा. अभिमनभाऊंनी इंग्रजीत अर्ज लिहिला, झुलाल मास्तरांनी साक्षीदार म्हणून सही केली आणि खाली स्वतःहून "क्लॅरिनेट" असंही लिहिलं. फुई, तुमचं नाव छापलेलं मी आजवर एकाच ठिकाणी पाहिलं, रेशनकार्डावर, आणि तिथेही "तनुबाई" आहे. घरातल्या भांड्यांवर तर फुआजींचंच कोरलेलं. "असेल जुनं कोणाचं तरी" असं यावेळी म्हणू नका. तुम्ही हयात आहात आणि तुमचं गाणं ट्रॅडसाहेबांच्या नावावर खपतं आहे. एकदा हो म्हणा. भरलेला अर्ज सोबत जोडला आहे, फुलीच्या खुणेवर सही करायची आहे. लहानमोठ्यांस यथायोग्य.

तुमची भाची,
गेंदा

ता. क. सही शाईच्या पेनाने करावी, आणि आधी दुसऱ्या कागदावर गिरवून पाहावी, दुसरा अर्ज आमच्याकडे नाही. "ता"ला काना विसरू नका.

आणखी ता. क. हा तुकडा मी वेगळा कापून आत घातला आहे. दिपमाला पत्र वाचून दाखवत असेल तर आता तिला पाणी आणायला पाठवा आणि चष्मा लावून स्वतः वाचा.

अर्जात एक रकाना आहे, गाण्याबद्दल विशेष माहिती. तिथे अभिमनभाऊंना ते न घेतलेलं नाव लिहायचं होतं. मी फुआजींचं नाव सांगितलं. झुलाल मास्तरांनी लगेच टाळ्या वाजवून पाहिलं : व, ना. दोन टाळ्या भरल्या, दोन उरल्या. पुन्हा पाहिलं, पुन्हा उरल्या. सगळे माझ्याकडे बघू लागले. मलाही आठवलं की फुआजींना शीळ येत नाही (माझ्या लग्नात कुत्र्याला बोलवायला गेले तर नुसता वारा निघाला होता). मग मी मनातल्या मनात दुसरी नावं लावून पाहू लागले, आणि लावता लावता तबकडीच्या पाकिटावर नजर गेली. काय, तान, मास, तर. मी चहाचं आधण ठेवायला आत निघून गेले.

देवापुढे बसून पुष्कळ विचार केला. नावाला मान लावणं हे काही खोटं बोलणं नाही, असं माझं मत झालं. म्हणून बाहेर येऊन सांगितलं की फुआजींना त्या काळी सगळे वनाजीराव म्हणत. व, ना, जी, राव. चार टाळ्या चोख बसल्या, आमचे हेसुद्धा "वा" म्हणाले, आणि अर्जात तसं लिहिलं गेलं. खरं नाव कोणाचं होतं ते मला मुळीच कळवू नका. (कळवलंच तर वेगळ्या कागदावर.) पण कंपनीचा माणूस चौकशीला भडगावला येऊ शकतो, तेव्हा आजपासून घरात सगळ्यांनी फुआजींना वनाजीराव म्हणायला लागावं, भिकुबाईनेसुद्धा. त्यांना स्वतःला त्या हाकेवर ओ द्यायची सवय झाली की सही केलेल्या अर्जासोबत उलट टपाली दोन ओळी टाका, म्हणजे मी अर्ज मुंबईला रवाना करते.