हनुवटीवरचं गोंदण

आप्पा, तुम्ही आज समोर असतात तर मी तुमच्याशी कडाकडा भांडले असते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, म्हणून काय सोडून द्यायचं? आपल्या गावच्या देवीच्या पितळी मुखवट्याची डिजिटल नोंद करायला गेले होते. हेच माझं काम. पितळ म्हणजे महाकटकटीचं. कपाळ झगझगतं, डोळ्यांच्या खोबणीत काळोख, एका फोटोत दोन्ही नीट येत नाहीत. म्हणून कॅमेरा जराही न हलवता नऊ फोटो काढायचे, काळ्याकुट्टापासून पांढऱ्याफटकापर्यंत, आणि संगणकावर त्यांचा एक करायचा. मग काही लपत नाही. तुमचंही लपलं नाही. गालभर, हनुवटीभर गोल गोल ओरखडे. नाकाची धार गेलेली. गोंदणाचे तीन ठिपके होते ना हनुवटीवर? साफ नाहीसे!

पालखीचा आदला दिवस. कारखान्यातली पाळी संपवून तुम्ही विहिरीवर बसलाय, मांडीवर मुखवटा. चिंचेचा कोळ, वर मूठभर रांगोळी, आणि काथ्यानं खसाखसा. मी सात वर्षांची. म्हणते, "आप्पा, गोंदण जातंय." तुम्ही वर न बघता म्हणता, "गोंदण न्हाय, मळ हाय तो. देवीच्या अंगावर मळ ठेवायचा काय? पानी वत." अहो, कोरीव रेघांत बसलेल्या त्या काळेपणामुळे तर चेहरा दिसत होता! म्हातारा गुरव "ऱ्हाऊ दे" म्हणाला, तर त्यालाही गप्प केलंत. सगळी अक्कल तुमच्याकडेच. कुणा कारागिरानं जीव ओतून केलेलं काम, आणि तुम्ही ते टोपासारखं घासलंत.

आणि गाव खूश! आताचा गुरव संगणकावर वाकून म्हणतो, "ताई, आप्पांच्या हातची झळाळी हाय ही. तेंच्यासारखी सेवा आता कोन करतो?" फोटो सभामंडपात लावणार आहेत, खाली तुमचं नाव घालून. मी दातओठ खात मान हलवली. नोंदीत एक रकाना असतो, नुकसान कशामुळे झालं. तिथे 'माझ्या बापामुळे' असं लिहिणारच होते, तुमची भीड कसली! मग ते ओरखडे मोठे करून बघत बसले. तुमचा हात कसा फिरायचा ते सगळं त्यात होतं. रकाना कोराच राहिला. हे पत्र कुणाला दाखवायचं नाही, म्हणून सांगते. सभामंडपातल्या फोटोवरचे ओरखडे मी पुसले. मग नोंदीतल्या फोटोवरचेही पुसले. मूळ नऊ फोटो ठेवले नाहीत.