वस्तादाचे नियम

बाबा,

मी खेळ बनवते. पोटासाठी. तुम्ही होतात तेव्हा हे कधी नीट सांगता आलं नसतं, कारण तुम्हाला खेळ म्हणजे मैदान, माती आणि खाली पडलेला कोणीतरी, एवढंच ठाऊक. हा बसून खेळायचा खेळ आहे. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकासमोर एक कागद, त्यावर त्याने घेतलेलं पात्र. कोणी मांत्रिक, कोणी चोर, कोणी वैद्य. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे आपलं पात्र काय करतंय ते बोलतात, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवतात. राजे, राक्षस, पडके किल्ले, सगळं तोंडी. नोकऱ्या करणारी मोठी माणसं रविवारभर हे खेळतात. तुम्ही म्हणाला असता, "कामधंदो नाय काय त्यांका?" आहे, बाबा. तुमच्यापेक्षा बरा आहे.

दादरला आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. नवीन खेळाच्या पुस्तकात एक वर्ग लिहायचा राहिला होता. वर्ग म्हणजे पात्राचा पेशा; तो एकदा घेतला की त्याची ताकद आणि त्याच्या मर्यादा त्याच्याबरोबर येतात. हा वर्ग हत्यारात तरबेज असलेल्याचा. मंत्र नाही, देवाचा वर नाही, फक्त हत्यार आणि ते धरणारा हात. माझ्याबरोबर काम करणारा तरुण, जो आमच्याकडे सूत्रधारही असतो, म्हणाला, "ताई, हा क्लास तुम्हीच लिहा. तुम्हाला लाठी येते ना?" कधीतरी चहा पिताना माझ्या तोंडून निघून गेलं होतं. त्याने वर नाव टाईप करून ठेवलं होतं, शस्त्रवीर. मी ते खोडलं आणि वस्ताद लिहिलं. म्हणाला, "भारी आहे! कुठून सुचलं?" मी म्हटलं, लालबागमधून.

व्यायामशाळेत तुम्हाला कोणी नावाने हाक मारत नसे. पहिली पाळी सुटली की गिरणीतल्या कापड विणायच्या साचेखात्यातून तुम्ही थेट तिकडे, केसांतला कापूससुद्धा न झाडता. लाठी, बाणा, फरीगदगा, पट्टा. मिरवणुकीत तुम्ही पट्टा फिरवायला लागलात की रस्ता आपोआप रुंद व्हायचा. आणि मग लिंबू. कोणीतरी तळहात पसरायचा, त्यावर लिंबू, तुमचं पातं वरून यायचं, लिंबाच्या दोन फोडी आणि तळहात कोरा. तो तळहात नेहमी शेजारच्या काकांचा. तुमचे साचे शेजारी, आपल्या खोल्या शेजारी, आणि लाठी ते तुमच्याकडेच शिकलेले. पातं खाली येताना काका डोळे मिटत नसत. तुमच्या तोंडाकडे बघत हसत असत. मी आईच्या कडेवरून हे बघितलेलं आहे.

मग गिरण्यांचा संप आला. सुरुवातीला चाळीत लग्नघरासारखं वातावरण होतं, नंतर एकेक खोली गावाला निघून गेली आणि राहिलेल्या खोल्यांतून फोडणीचा वास यायचा बंद झाला. आपल्याकडे पेज आणि सुकट. काकांकडे तान्हं मूल होतं आणि काकूंना दूध येत नव्हतं. काका रोज दुपारी कॉटन ग्रीनला धान्याच्या गोदामात काम शोधायला जातो सांगून बाहेर पडायला लागले. एका संध्याकाळी नळावर ते तुमच्यापुढे वाकून तोंड धूत होते आणि तुम्हाला त्यांच्या कानामागे कापसाचे तंतू दिसले. ताजे. घरी येऊन आईला म्हणालात, "संप मोडून गिरणीच्या गेटातून आत जाता तो." आई म्हणाली, "पोराक दूध व्हया मां त्येंच्या." तुम्ही पेजेत मीठ टाकलंत.

रविवारी सकाळी तुम्ही दोन काठ्या घेऊन चाळीच्या चौकात उभे. उन्हं आलेली आहेत, पोरं पायरीवर बसलेली आहेत, बायका गॅलरीत कपडे वाळत घालतायत. तुम्ही वर बघून हाक मारता, "ये रे, दोन हात करूया."

काका कठड्याशी येतात. "आज नको, वस्ताद. पाठ दुखता."

"पाठीशी काय काम? हात बरे आसत मां?"

मला आज कळतं की काकांना तेव्हाच कळलं होतं. पण नाही म्हणणं म्हणजे कबूल करणं, आणि अख्खी चाळ बघत होती. ते खाली आले, बनियनवर, आणि त्यांनी तुमच्या पायाला हात लावला, शिकवणाऱ्याच्या लावतात तसा. पहिले वार अगदी शिकवताना करतात तसे, सावकाश, दाखवून दाखवून. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग तुम्ही त्यांची काठी दगडी पायरीशी दाबून धरलीत आणि पुढचा वार काठीवर केला नाहीत, काठी धरलेल्या बोटांवर केलात. उजव्या. बोटं उघडायच्या आत परत, तिथेच. काका ओरडले नाहीत. नुसते खाली बसले, बस चुकलेला माणूस बसतो तसे. तुम्ही काठी टाकून धावलात. "अरे, लागला काय?" सगळ्यांना ऐकू जाईल असं. स्वतः टॅक्सी केलीत, स्वतः हाड बसवणाऱ्याकडे घेऊन गेलात. खेळात लागतंच. कोण काय बोलणार होतं? साच्यावर धागा तुटला की तो सांधायला अंगठा आणि दोन बोटं लागतात. त्यातलं एकही पुन्हा सरळ झालं नाही.

त्या दुपारी जेवताना तुम्ही मला जवळ बसवलंत. मी नऊ-दहा वर्षांची असेन. म्हणालात, "डोक्या फोडला तर पोलीस येतत. बोटां फोडली तर कोण येणा नाय." आईच्या हातातला डाव हवेतच राहिला. ती म्हणाली, "पोरीसमोर?" तुम्ही म्हणालात, "पोरीसमोरच. शिकांदे." दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी काठी कापून आणलीत, माझ्या कानाला लागेल अशा मापाची, तेल पाजलेली, दोन्ही टोकं घासून गुळगुळीत केलेली. तुम्ही मला दिलेली ती एकच वस्तू. गॅलरीत शिकवायचात, काकांच्या दारासमोर. काठी सुटली की माझ्या बोटांच्या पेरांवर वार. "काठी सुटली की हात गेलो." रडले तर पुन्हा, कारण रडताना मनगट हलतं. आत काकू मुलाला थोपटत असायच्या, त्यांचा हात मध्येच थांबायचा आणि मग पुन्हा सुरू व्हायचा. मी चांगली शिकले, बाबा. याबद्दल तुम्ही कधी चांगलं म्हणाला नाहीत, पण मी शिकले.

म्हणून हा वर्ग लिहायला मला वेळ लागला नाही. वस्तादाला मी एक कसब दिलं, त्याचं नाव नेम. इतर लढवय्ये समोरच्याचा जीव कमी करतात. वस्ताद जीव घेत नाही. तो ठरवतो की समोरच्याचं काय मोडायचं, आणि नेम लागला तर त्या पात्राचं ते कसब कायमचं जातं. धनुर्धराची नजर, चोराचा घोटा. कुठल्याही वैद्याला ते परत आणता येत नाही. सूत्रधार वाचून म्हणाला, "डेंजर आहे, ताई." म्हटलं, करून बघूया.

रविवारी चाचणीचा डाव लावला. गिरगावातली एक कॉलेजची मुलगी येते आमच्याकडे, हुशार, फटाफट बोलणारी. तिने वस्ताद घेतला. तिच्या शेजारी बँकेत काम करणारा एक मुलगा. त्याचं पात्र बासरीवाला, आधीच्या डावांतून वाढवत आणलेलं. कागद दुमडून दुमडून मऊ झालेला, कोपऱ्यात त्याने पेनाने बासरी काढलेली. गोष्टीत असं झालं की राजाच्या शिपायांनी बासरीवाल्याच्या बहिणीला धरलं आणि तिला सोडवायला त्याने सगळ्यांची लपायची जागा सांगून टाकली. टेबलावर आरडाओरडा, हसणं. मग ती मुलगी म्हणाली, "मी नेम लावते. ह्याच्या बोटांवर."

सूत्रधाराने माझ्याकडे बघितलं. "ताई, आपल्याच माणसावर चालतो का?"

मी म्हटलं, "चालत नाही असं कुठे लिहिलंय?"

फासे पडले. लागला. मुलगा आधी हसला, "ए, सिरियसली?" मग त्याने सूत्रधाराकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि खोडरबर घेऊन कागदावरचं वादन हे कसब खोडायला लागला. शाईने लिहिलेलं होतं, जाईना. तो घासत राहिला, कागद फाटला. "त्याची बहीण होती यार," एवढंच म्हणाला आणि पाणी प्यायला म्हणून उठला तो चपला घालून खाली गेला. मुलगी लाल झाली होती. मी तिला विचारलं, कसं वाटलं? ती खोटं बोलली नाही. म्हणाली, "भारी वाटलं, ताई. एकदम भारी. आता कसंतरी होतंय." मी विचारलं, "नेम लावायच्या आधी माहीत होतं, कसंतरी होणार?" ती म्हणाली, "हो." इतकी वर्षं मला वाटायचं की तुम्हाला भारी वाटलं नसेल, तुम्ही संपासाठी केलंत, बाकीच्यांसाठी केलंत. त्या पोरीने एका शब्दात मला त्या समजुतीतून मोकळं केलं.

सूत्रधार दुसऱ्या दिवशी म्हणाला, नेम काढून टाकूया. मी नाही म्हटलं. मग म्हणाला, "निदान काहीतरी कमतरता तरी द्या, ताई. नाहीतर सगळे हाच क्लास घेतील." ते खरं होतं. मी दुपारभर विचार केला आणि लिहिलं: वस्ताद पडला, की ज्याचं त्याने काही मोडलं आहे तो त्याच्याजवळ जाऊ शकतो, आणि वस्ताद त्याला नाही म्हणू शकत नाही. पुढचं त्या माणसाने ठरवायचं.

त्याने दोनदा वाचलं. "ठरवायचं म्हणजे काय? मारायचं?"

"ते त्याने ठरवायचं."

"ताई, लोकांना स्पष्ट नियम लागतात."

"हा स्पष्टच आहे."

त्याला मी सांगितलं नाही की हे कुठून आलं. तुम्हाला सांगायची गरज नाही. गिरणीने तुम्हाला परत घेतलं नाही, आणि मोडक्या हाताच्या काकांनाही ठेवलं नाही. काकांनी कॉटन ग्रीनला खरोखरच गोदामात पाठीवर गोणी वाहिल्या. पाठीला बोटं लागत नाहीत. तुमचं नाव मात्र झालं होतं. खोल्या रिकाम्या करून हव्या असलेल्यांची माणसं तुम्हाला न्यायला यायची, आणि तुम्ही लाठी घेऊन नुसते दारात उभे राहिलात तरी लोक सामान बांधायचे. पुढे त्या लोकांकडे पिस्तुलं आली आणि त्यांनी तुम्हाला एका टॉवरच्या गेटवर राखणीला स्टुलावर बसवलं. त्या स्टुलावरूनच तुम्ही पडलात. लकव्याने उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

घरी आणल्यानंतरच्या पहिल्या रविवारी काका दारात उभे. हातात वस्तरा आणि वाटी. "वस्तादांची दाढी वाढली हा. मी करतंय." आईने त्यांच्याकडे बघितलं, मग तुमच्याकडे, आणि म्हणाली, "या. पाणी तापवतंय." एवढी वर्षं काका स्वतःची दाढी डाव्या हाताने करत होते, हात बसला होता त्यांचा. तुमचं डोकं हलू नये म्हणून ते उजवा हात तुमच्या कपाळावर ठेवायचे. ती वाकडी बोटं तुमच्या भुवयांवर पसरलेली, आणि डाव्या हातातला वस्तरा गालावरून उतरून गळ्यावर आला की थांबायचा. तिथे ते बोलायला लागायचे. मासळी किती महाग झाली. पाणी आज लवकर गेलं. मुलगा नोकरीला लागला. तुम्ही श्वास घेत नव्हतात. मग वस्तरा पुढे सरकायचा. एकदाही कापलं नाही त्यांनी तुम्हाला, एक थेंबसुद्धा नाही. आई तांदूळ निवडत समोर बसायची. लग्न झाल्यापासून ती इतकी निवांत बसलेली मी बघितली नव्हती. दर रविवारी, तुम्ही जाईपर्यंत.

हे पत्र मी कोणाला दाखवणार नाही आणि ठेवणारही नाही. पुस्तक छापायला गेलं, त्यात तुमचा वर्ग जसाच्या तसा आहे. एकच गोष्ट तिथे लिहिली नाही.

ज्या रविवारी मला सुट्टी असायची तेव्हा मी पाण्याचं भांडं घेऊन तुमच्या उशाशी बसायची. वस्तरा गळ्यावर थांबला की तुमचा चांगला हात माझा ड्रेस घट्ट धरायचा, आणि तुम्ही डोळ्यांनी दार दाखवायचात. दार, मग काका, मग दार. आई म्हणायची, त्येंका काय व्हया कोणास ठावक, काय कळणा नाय. मीही मान हलवायची. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, बाबा. मी तुमची बोटं एकेक करून ड्रेसपासून सोडवली, हात चादरीखाली ठेवला, आणि म्हटलं, "काका, हनुवटीखाली थोडं राहिलंय. सावकाश करा."