सोनालीचा उतारा

प्रिय सोनाली,

आपल्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला. लॉला प्रवेश मिळेल एवढे मार्क पडलेत मला! आज सांगलीतली आपली खोली रिकामी करतेय. अब्बा टेम्पो घेऊन तासगावहून निघालेत. ते यायच्या आत तुला लिहायचंय, कारण एकदा इथं कुलूप लागलं की तुला कुठं गाठायचं ते मला माहीत नाही.

आपल्या दुपारी आठवतात का गं तुला? इंग्रजीचा उतारा तू मोठ्यानं वाचायचीस आणि संपला की मी प्रश्न विचारायची. ओळीवर बोट ठेवून, अडखळत वाचायचीस. आटपाडीहून नवीन आलीस तेव्हा 'आयलंड'ला तू 'इसलंड' म्हणालीस आणि मी किती हसले!

"अगं, त्यातला एस म्हणायचा नसतो."

"म्हणायचा न्हाई तर लिवायचा कशाला? लय लबाड भाषा हाय ही!"

मग तुला ताप आला. 'सराव पेपर झाला की दाखवू' म्हणत अंगावर काढलास. का गं? पेपर काय पळून चालला होता? शेवटी तुझे वडील आले, तुला मिरजेला दवाखान्यात घेऊन गेले. जिन्यात थांबून मला म्हणालीस, "पुढचा उतारा माज्याबिगर सोडवू नगंस." आणि परत आलीच नाहीस.

त्यानंतर मी मोठ्यानं वाचणं सोडलं. सगळं मनातल्या मनात.

खालच्या घरमालकीण काकू तेव्हा पुण्याला, लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. तिथं कशाला जिवाला घोर, म्हणून काकांनी त्यांना तू गेल्याचं कळवलंच नव्हतं. काकू परत आल्यावरही काकांची जीभ रेटली नसावी. मला वाटलं, काकूंना माहीत आहे. एकदा मी पाणी भरायला खाली गेले, तर त्या अंगणात पापड लाटत होत्या.

"सोनालीचं वाचन लय सुधारलं की गं," त्या म्हणाल्या. "आता कुठं अडतच न्हाई."

"कधी ऐकलंत, काकू?"

"रोजच की! आत्ता न्हाई का वाचत हुती? आयलंड का कायतरी. पयलं इसलंड म्हणायची, तू हसायचीस."

सकाळपासून मी तोंड उघडलं नव्हतं, सोनाली!

मी सांगितलं तेव्हा काकूंच्या हातातलं लाटणं गळून पडलं. त्या पुटपुटल्या, "उतारा काढायला पायजे. भात, लिंबू तीन वाटांच्या तिकटीवर ठिवून येते."

"नको काकू," मी म्हटलं. एवढ्या भीतीतही मला हसू आलं. उतारा म्हटल्यावर मला आपला पुस्तकातलाच आठवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीला कुलूप लावून मी काकूंजवळ खाली बसले. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"ऐक, लागली वाचायला."

मला फक्त पलीकडच्या पिठाच्या गिरणीची घरघर ऐकू येत होती.

"आता थांबली," काकू वर बघत म्हणाल्या. "कुणाची तरी वाट बघतीया."

कुणाची, ते मला कळलं. जिना चढले, कुलूप काढलं. आत कुणी नव्हतं. तुझ्या कॉटवरची गादी गुंडाळलेली होती तशीच. तिच्यासमोर बसून मी पुस्तक उघडलं आणि पहिला प्रश्न चारही पर्यायांसकट मोठ्यानं वाचला. उत्तर आलं नाही. म्हणजे, मला ऐकू आलं नाही.

खालून काकू ओरडल्या, "बी म्हणाली गं!"

बरोबर होतं.

सोनाली, काकूंना ऐकू येतेस आणि मला एकदाही नाही, हे कसलं गं वागणं? मी काय केलं होतं?

अम्मी फोनवर रडली. "बेटी, खोली बदल, नाहीतर घरी ये." मी ऐकलं नाही. रोज उतारा घ्यायचा, प्रश्न विचारायचे आणि खालून काकूंनी ए, बी, सी, डी सांगायचं. तू चुकलीस की मी समजावायची. रिकाम्या कॉटला! भीती हळूहळू कमी झाली. गेली मात्र नाही.

परीक्षेला कॉम्प्युटरवर इंग्रजीचा उतारा आला आणि मी ओठ मिटून वाचायला लागले. शेजारची मुलगी वैतागून वळली आणि कुजबुजली, "मनात वाच ना जरा!" तिच्याकडं बघायची माझी हिंमत झाली नाही. पडद्यावरची नजर न हलवता मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेले.

थांब. काकू खालून हाक मारतायत.

"तस्लीम! आज मराठी वाचतीया व्हय गं ती?"

म्हणजे इथपर्यंत वाचलंस तर.

मग पुढचंही नीट वाच. परवा तुझ्या आईचा फोन आला होता. "माज्या लेकीला इंग्रजी यायला लागलं हुतं का गं?" म्हणून विचारत होत्या. मी म्हटलं, घरी येऊन सांगते. आता सामान तासगावला टाकून मी आटपाडीची एसटी धरणार आहे. शेजारची जागा तुझ्यासाठी राखेन, कुणी भांडलं तरी देणार नाही. तुझ्या आईपुढं बसून सांगेन, "तिला इंग्रजी येतं." 'येत होतं' म्हणणार नाही, हे माझं वचन.

तू फक्त एवढं कर. घरी पोचलीस की मोठ्यानं वाच. माझं राहू दे, पण तुझ्या आईला ऐकू येऊ दे.

तुझीच,
तस्लीम